वय : सांगणार नाही

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक कुंडी आणि एक आत्या. तिन्हींपैकी सगळ्यात जास्त कुरकुर आत्यानं केली, कुंडीनं अजिबात नाही.

या वृद्धाश्रमात मला कॉम्प्युटरचं काम आहे आणि नोकरीबरोबर आत्याला खोली. ही अट मीच घातली होती. जिनं मला लहानाची मोठी केली तिला दिवसभर एकटीला घरी कोंडून ठेवणं जिवावर यायचं; तिचे गुडघे आता पार गेलेत. मोठ्या बाईंनी अट लगेच मान्य केली. मोठ्या बाई म्हणजे इथल्या व्यवस्थापिका, त्यांना सगळे असंच म्हणतात. आत्याची खोली पहिल्या मजल्यावर, सतरा नंबर. माझं ऑफिस तळमजल्यावर आणि त्याच्यामागे माझी झोपायची खोली. मधे फक्त बावीस पायऱ्या. मोजल्या.

फॉर्म भरताना नर्सनं आत्याला वय विचारलं. आत्यानं जन्मात कुणाला वय सांगितलेलं नाही. डॉक्टरला नाही, मतदार यादीवाल्यांना नाही, मला तर नाहीच. हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवून ती म्हणाली, सांगणार नाही. नर्सही खट्याळ, तिनं वयाच्या रकान्यात तेच लिहून टाकलं. मग मलाही चेव आला. माझ्या फॉर्मवर ‘अनुभव, वर्षांत’ असं होतं, तिथं मी लिहिलं, ‘तीन महिने, तेही क्लासमध्ये.’ मोठ्या बाईंनी दोन्ही फॉर्म वाचले, हसल्या नाहीत, आणि फाइलला लावले.

४ मार्च, मंगळवार

कामाची पद्धत समजली. सकाळी ठीक आठला स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर एक यादी लागते. खोली, नाव, वय, गोळ्या, नाश्ता मऊ की साधा. सगळ्यात वयस्कर माणूस सगळ्यात वर, कारण त्याला आधी वाढतात. मदतनीस बायका यादी वाचतात आणि त्या त्या दाराशी जातात. मोठ्या बाईंचा नियम एकच. त्या म्हणाल्या, “इथं कुणी डोक्यात काही ठेवायचं नाही. यादीत आहे तेवढं करायचं.” मला हे फार आवडलं. माझ्या डोक्यात नाहीतरी काही राहत नाही.

तीस वर्षं ही यादी कारकूनकाकांनी हातानं लिहिली. आता ते इथंच सहा नंबरला राहतात, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या वह्यांवरून आणि नव्या फॉर्मांवरून मी एक्केचाळीस ओळी कॉम्प्युटरमध्ये जशाच्या तशा टाइप केल्या. उद्यापासून पायथॉन, म्हणजे क्लासमध्ये शिकलेली प्रोग्रामची भाषा. यादी आपोआप निघेल आणि मी चहा पीत बसेन, असा बेत आहे.

संध्याकाळी आत्याच्या खोलीत बसले. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. कुणाला गाडी मागे घेता येत नाही, यावर तिनं तासभर शेरे मारले. खूश आहे.

५ मार्च, बुधवार

वयानुसार यादी लावायची तर वयाचा आकडा लागतो. फाइलमधून जे येतं ते सगळं मजकूर असतं. ‘७८’ हेसुद्धा पायथॉनला दोन अक्षरं वाटतात. त्याचा आकडा करायला ‘इंट’ नावाचं फंक्शन आहे. ते आपले देवनागरी आकडेही ओळखतं, हे पाहून मी खुर्चीत उडालेच. पण आकड्याऐवजी शब्द दिला की तिथंच बसकण मारतं, एरर टाकतं आणि पुढचं सगळं काम थांबतं.

थांबलं ते सहाव्या ओळीवर. कारकूनकाकांनी स्वतःच्या वयासमोर लिहिलंय ‘निवृत्त’. पुढं सतरा नंबर, आमच्या राणीसाहेब. आणि एकोणतीसमधल्या दोघी बहिणी, त्यांची नोंद एकाच ओळीत आणि वय ‘दोघींचं मिळून १५३’. एकटीच हसत बसले.

६ मार्च, गुरुवार

क्लासमधले सर म्हणायचे, एरर आली की आधी तिचं म्हणणं ऐकून घ्या. सरांना आठ वाजता यादी लावायची नव्हती.

मी फंक्शनमध्ये आकडा करायची ओळ ‘ट्राय’मध्ये टाकली आणि खाली लिहिलं ‘एक्सेप्ट’. म्हणजे करून बघ, नाही जमलं तर ती ओळ सोडून पुढं जा, बोंब मारू नकोस. एकदम गुपचूप चाललं. एक्केचाळीसपैकी अडतीस नावं, सुबक यादी, आठला पाच कमी. तीन ओळी गळाल्यात हे मला माहीत होतं. दुपारी त्या तिघांना भेटून वयं लिहून घेईन म्हटलं. आधी मोठ्या बाईंनी चक्क पाठीवर थाप मारली, मग मी जुन्या वह्या आता लागणार नाहीत असं ऐटीत सांगितलं, मग त्या रद्दीत गेल्या, आणि दुपार कुठं गेली कळलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आत्याची तक्रार. काल दिवसभर कुणी चहा आणला नाही, आज नाश्ताही नाही. मी कानाला हात लावला आणि खालून ट्रे घेऊन गेले. मदतनीस बाईंना बोलले, तर त्यांनी यादीवरून बोट फिरवून दाखवलं, सतरा नाहीच. त्यांचं तरी काय चुकलं.

दुपारी कारकूनकाका ऑफिसात आले. थंडी वाजत होती त्यांना, बाहेर ऊन असून. म्हणाले, वय माहीत नसलं तर मी शब्द लिहायचो. शब्द असला की रोज डोळ्यांपुढं येतो, विचारायचं राहिलंय हे आठवतं. तू ओळच गाळलीस. मी म्हटलं, काका, सांगा ना वय, आत्ता घालते. त्यांनी खिसा चाचपला. त्यांना आठवेना. खिशाला एकच पेन होतं.

८ मार्च, शनिवार

सहा नंबरला कुलूप. नर्स म्हणाली, ती तर चादरींची खोली, पहिल्यापासून. किल्ली मागितली. आत चादरीच होत्या, कपाटभर, घड्या पिवळ्या पडलेल्या. कित्येक वर्षं तिथंच असाव्यात तशा.

एकोणतीसमध्ये रिकामे पलंग. बहिणी म्हणताच नर्सनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

धावत सतराला गेले. आत्या होती. खिडकीशी बसली होती आणि तिच्या स्वेटरमधून खुर्चीचे गज दिसत होते. आधी वाटलं, उन्हामुळं.

९ मार्च, रविवार

सकाळी तिला घेऊन निघालेच. नको ती नोकरी. हात धरून जिना उतरलो, फाटकाशी आलो. रखवालदारानं मला एकटीला विचारलं, कुठं निघालात बाई. मी वळून बघितलं तर माझी मूठ रिकामी. वर गेले. ती खुर्चीत बसलेली, म्हणाली, अगं जाऊ या ना, किती वेळ लावतेस.

मग मी तिच्या पायाशी बसले आणि वय विचारलं. हात जोडले. आत्या, आता तरी सांग, नुसता आकडा सांग. ती बाहेरच्या गाड्यांकडे बघत म्हणाली,

“माहीत असतं तर सांगितलं नसतं का, चिमे?”

तिच्याकडून हे पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आजोबांना ती रस्त्यावर सापडली होती, त्यांनी घरी आणली आणि माझ्या बाबांची बहीण म्हणून वाढवली. किती वर्षांची होती ते कुणालाच माहीत नव्हतं. तोंडात सगळे दात होते, एवढंच लोकांना आठवत होतं. लहानपणी वय विचारलं की ती गोरीमोरी व्हायची. मग तिनं ही नखऱ्याची युक्ती काढली, आणि पुढं जन्मभर लोक हसले.

मीही हसले होते. फॉर्म भरताना सगळ्यात जास्त मीच.

१० मार्च, सोमवार

यादीच्या खाली पेनानं लिहिलं, सतरा, आत्या, नाश्ता मऊ. मदतनीस बाईंनी छापलेला भाग वाचला आणि निघून गेल्या. बोट ठेवून दाखवलं. इथं कोरं आहे, म्हणाल्या. वय नसलेल्यांचं वेगळं पान छापून बघितलं. प्रिंटरमधून पान बाहेर आलं ते पांढरंफटक. सात वेळा. वय आहे तसं शब्दातच ठेवून यादी लावून बघितली, तर दुसरीच एरर, शब्दाची आणि आकड्याची तुलना होत नाही म्हणे.

मोठ्या बाईंपुढं रडले. त्यांनी यादी नीट वाचली, वरून खाली. मग फार मायेनं म्हणाल्या, तुम्ही एकट्याच आला होतात ना.

११ मार्च, मंगळवार

‘ट्राय’ काढून टाकलं. म्हटलं, थांबू दे, ओरडू दे, सगळ्यांना कळू दे. सहाव्या ओळीवर थांबलं. यादी निघाली नाही.

आठ वाजले. मदतनीस बायका कोऱ्या फळ्यासमोर उभ्या. बसल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मी वर गेले. प्रत्येक खोलीत माणसं पलंगावर, डोळे उघडे, पापणी हलत नाही. साडेनऊपर्यंत अशीच. बारा नंबरच्या आजोबांचे ओठ निळे पडायला लागले. इन्सुलिनवाल्या आजी घामानं भिजलेल्या, आणि नर्स सुई हातात धरून दाराबाहेर नुसती उभी.

अडतीस माणसं. मी काय करायला हवं होतं. खाली धावले आणि ‘एक्सेप्ट’ परत घातलं. दोन मिनिटांत सगळं घर खोकायला, बोलायला लागलं. बायका ट्रे घेऊन निघाल्या.

सतराचं दार उघडलं तर खुर्ची नव्हती.

१२ मार्च, बुधवार

फंक्शन बदललं. जमलं नाही तर ओळ सोडू नकोस, शून्य दे. पुस्तकातही असं लिहिलेलं असतं. यादीत एक्केचाळीस नावं आली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात वरून रडणं ऐकू आलं.

तान्ह्या बाळाचं. सतरातून. सहामधूनही, बारीक. एकोणतीसमधून एकच रडणं, पण दोन गळ्यांतून.

मदतनीस बाई दुधाची बाटली घेऊन शांतपणे जिना चढत होत्या. यादीत वय शून्य होतं.

आत्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. हनुवटीवर तीळ. मी उचलून घेतलं तर गप्प झालं. एकदा लावलेली यादी दुसऱ्या दिवशीपर्यंत बदलत नाही, म्हणून दिवसभर मांडीवर घेऊन बसले. तिनं मला असंच धरलं असेल. माझं बोट घट्ट धरलं होतं. मी तिला आत्या म्हणून हाक मारत राहिले. बघायची, पण ओळखायची नाही. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात वाईट दिवस, असं मला वाटलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

शून्य काढून टाकलं. आत्याच्या वयासमोर अंदाजानं ६८ घातलं.

सतरामध्ये एक बाई. चेहरा तोच, तीळ तोच. ताठ बसलेली. वय विचारलं तर लगेच म्हणाली, अडुसष्ट. मला ‘मॅडम’ म्हणाली. भाची वगैरे नाही म्हणाली, कुणीच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

७१. ही बडबडी आहे. डावखुरी आहे. आत्या डावखुरी नव्हती.

१५ मार्च, शनिवार

६६. हिनं मला बघून दार लावून घेतलं.

कालची कुठं गेली? मी आकडा बदलला तेव्हा तिचं काय झालं? काल ती म्हणाली होती, उद्या ये गं गप्पा मारायला.

मी रोज कुणाला तरी —

आता नाही बदलणार. नाही. पण ही पण आत्या नाही.

१६ मार्च, रविवार

६६ काढून तिचा शब्द परत घातला. खोटी आत्या नको. तीही गेली असणार. माझ्या हातून तिसरी.

ओळ सोडून देणारं ‘एक्सेप्ट’च ठेवलंय, फक्त आता एरर काय म्हणते ते पडद्यावर दिसतं. सर म्हणायचे ते इतक्या उशिरा केलं. रोज सकाळी तीन ओळी येतात. याचा आकडा होत नाही: ‘निवृत्त’. याचा आकडा होत नाही: ‘सांगणार नाही’. याचा आकडा होत नाही: ‘दोघींचं मिळून १५३’.

मधली ओळ वाचली की तिचा आवाज येतो. तेवढीच उरली आहे ती. पडद्यावर बोट ठेवून बसते, यादी छापून होईपर्यंत.

१७ मार्च, सोमवार

मागची पानं वाचली. कारकूनकाका कोण? अक्षर माझंच आहे. खिशाला दोन पेनं, असं लिहिलंय. आठवत नाही. चादरींची खोली तेवढी आठवते.

आत्याचा आवाज आठवतो अजून. तीळ डाव्या बाजूला की उजव्या. लिहून ठेवायला हवं होतं.

१८ मार्च, मंगळवार

मोठ्या बाई खूश. म्हणाल्या, आता कामाच्या माणसांनाही याच यादीत घेऊ, खाली, वयाच्या जागी अनुभवाची वर्षं. तुम्हाला त्रास नको म्हणून ओळी मीच घातल्या, फॉर्मवरून, जशाच्या तशा.

जशाच्या तशा.

१९ मार्च, बुधवार

पडद्यावर चार ओळी. चौथी, ‘तीन महिने, तेही क्लासमध्ये.’

माझी ओळ शोधली. आकडा घालू कुठला? तीन महिने म्हणजे पाव वर्ष, त्याचा इंट शून्य होतो. शून्याचं काय होतं ते मांडीवर घेऊन बसले होते मी. एक घातला तर एक वर्ष अनुभव असलेली कुणीतरी इथं येऊन बसेल, माझ्या चेहऱ्याची. हात की-बोर्डवर ठेवून बसले. आठ वाजले. यादी गेली.

चहा आला नाही.

२० मार्च

नर्सला हाक मारली. माझ्यातून पलीकडं बघितलं तिनं. मोठ्या बाई ऑफिसात येऊन रखवालदाराला म्हणाल्या, ही खोली रिकामीच आहे, टेबल वर न्या. मी टेबलाशी बसले होते.

आता की-बोर्डची बटणं दाबली जात नाहीत. बोट टेकतं, अक्षर उमटत नाही. वहीत उमटतं अजून. फिकट.

यादी कोण चालवतंय? चालते आहे. आपोआप. मीच तशी केली —

२१

चार ओळी. दुसरी वाचली की रडू येतं. का ते

मागच्या पानांवर कुणी आत्या आहे. कुंडी, दोन बॅगा. बाई गमतीदार लिहायची.

थंडी

वर, बावीस पायऱ्या, दार उघडं दिसतंय. खुर्ची आहे. कुणीतरी खिडकीशी बसलंय, गाड्यांना हसतंय. हाक मारतंय. चिमे, किती वेळ लावतेस, म्हणून. आवाज इतका ओळखीचा की मी उठलेच. पण ती चिमी कोण ते मला —